आइन्स्टाइनच्या पोटातली महाधमनी आणि आजच्या रक्त तपासणीतले दोन आकडे

मागच्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या मामांच्या पोटाची सोनोग्राफी झाली. निमित्त होतं पित्ताशयातल्या खड्यांचं. खडे सापडलेच, पण रिपोर्टच्या तळाला आणखी एक ओळ होती: पोटातल्या महाधमनीला फुगा, रुंदी ५.८ सेंटीमीटर. मामा ७१ वर्षांचे. चाळीस वर्षं बिडी ओढलेली आणि दवाखान्याची पायरी चढायची वेळ फारशी कधी न आलेली. रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत फिरत माझ्याकडे आला, कारण घरात विज्ञान-तंत्रज्ञानावर लिहिणारा मीच. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या आठवड्यात या आजाराबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि वाचताना एक जुना पेशंट भेटला, ज्याचं नाव तुम्हा-आम्हाला शाळेपासून पाठ आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन याच आजाराने गेले.

आइन्स्टाइनचं आयुष्य आपल्याला नेहमी मेंदूच्या बाजूने सांगितलं जातं. सापेक्षता, विस्कटलेले केस, व्हायोलिन. आज मी तेच आयुष्य जरा खालच्या बाजूने, म्हणजे छाती आणि पोटाच्या बाजूने सांगणार आहे. कारण मामांच्या हातात ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रक्ताचे जे रिपोर्ट पडले, ते आइन्स्टाइनच्या डॉक्टरांकडे असते तर त्यांच्यापुढचा प्रश्न निदान नीट मांडता तरी आला असता.

जर्मनीतल्या उल्म गावी १४ मार्च १८७९ ला जन्म. वडील हेरमान आणि काका याकोब यांचा म्युनिकमध्ये विजेच्या उपकरणांचा कारखाना होता. डायनामो, दिवे, वीजमापक असलं सगळं. म्हणजे पोरगा त्या काळच्या 'स्टार्टअप'मध्येच वाढला म्हणा ना. पुढे धंदा बसला, कुटुंब इटलीत गेलं, तिथेही जम बसला नाही आणि १९०२ मध्ये हेरमान मिलानमध्ये वारले. हृदयाच्या आजाराने, वयाच्या ५५ व्या वर्षी. मुलाला त्याच वर्षी बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी लागली होती. आज आपल्याकडे कुठल्याही मोठ्या ऑपरेशनआधी फिजिशियनकडून 'फिटनेस' घ्यायला गेलात की पहिल्या दोन-चार प्रश्नांत एक असतो: वडिलांना हृदयाचा त्रास होता का? आइन्स्टाइनना त्या खुर्चीत बसवलं असतं तर उत्तर 'हो' आलं असतं.

१९०५ च्या त्या गाजलेल्या वर्षाबद्दल सगळ्यांनी लिहिलंय. मला त्यातला एकच निबंध इथे हवा आहे, तो म्हणजे प्रकाश-विद्युत परिणामाचा. धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते का व कसे सुटतात हे प्रकाश छोट्या छोट्या पुड्यांमध्ये येतो असं मानलं तरच समजतं, हे त्यांनी दाखवलं. १९२१ चं नोबेल मुख्यतः याच कामासाठी मिळालं, सापेक्षतेसाठी नाही. हा निबंध लक्षात ठेवा. पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्याची गाठ पडणार आहे.

तब्येत मात्र कधीच धड नव्हती. १९१७ मध्ये बर्लिनला ते आजारी पडले. यकृताची तक्रार, पोटात अल्सर, वजन झपाट्याने उतरलेलं. महायुद्धाचे दिवस, खायला नीट मिळत नाही, अशा वेळी मावस बहीण एल्सा यांनी शेजारच्याच घरात ठेवून पथ्यपाणी सांभाळलं. पुढे १९१९ ला त्यांच्याशीच लग्न झालं. पोटदुखीने त्यानंतरही अधूनमधून डोकं वर काढलंच. आज मागे वळून पाहताना यातलं किती दुखणं कशाचं होतं हे कुणालाच वेगळं करता येणार नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

१९२८: हृदय मोठं झालं

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा टप्पा १९२८ चा. स्वित्झर्लंडमधल्या त्सुओझ या डोंगरातल्या गावी गेले असताना अति श्रमाने ते कोसळले. तपासल्यावर हृदयाचा आकार वाढलाय असं निदान झालं. बर्लिनला आणलं, आणि तिथे चार महिने अंथरुणात. डॉक्टर होते यानोश प्लेश. त्यांनी सक्तीची विश्रांती आणि बिनमिठाचं जेवण सांगितलं. अंथरुणावरून कागदपत्रं सांभाळता येईनात म्हणून सेक्रेटरी शोधली, आणि १३ एप्रिल १९२८ च्या शुक्रवारी हेलेन ड्यूकास कामावर आल्या. त्या पुढे २७ वर्षं, थेट शेवटपर्यंत त्यांच्या सोबत राहिल्या. तारीख डोक्यात ठेवा, ती पुन्हा येणार आहे. अशक्तपणा मात्र जवळपास वर्षभर गेला नाही.

आता थोडं थांबून आजच्या भाषेत बोलू. हृदयाचे खालचे कप्पे ताणले गेले, त्यांच्यावर दाब आला, की हृदयाचे स्नायू रक्तात एक प्रथिन सोडतात. त्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा कामाचा, त्याचं नाव बीएनपी. तो मूत्रपिंडाला सांगतो की मीठ आणि पाणी बाहेर टाक, रक्तवाहिन्यांना सांगतो की सैल व्हा. दुसरा तुकडा, एनटी-प्रोबीएनपी, काहीच करत नाही, नुसता रक्तात फिरतो. पण तो जास्त वेळ टिकतो, म्हणून लॅबसाठी मोजायला सोयीचा. हृदयावर किती ताण आहे याची ही एक प्रकारची पावती. गंमत म्हणजे बीएनपी मधला 'बी' म्हणजे ब्रेन. जपानी शास्त्रज्ञांना हे प्रथिन १९८८ मध्ये पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं होतं. ते मुख्यतः हृदयातून येतं हे नंतर कळलं, तोवर नाव चिकटलं होतं.

म्हणजे बघा, डॉक्टर प्लेश यांनी बिनमिठाचं जेवण देऊन जे बाहेरून केलं, तेच त्या पेशंटचं हृदय बीएनपी सोडून आतून करायची धडपड करत होतं. फक्त ते ऐकायचं यंत्र अजून साठ वर्षं दूर होतं.

याच आजारपणाच्या मागेपुढे आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी मिळून एक फ्रिज बनवला, ज्यात हलणारे भागच नव्हते, आणि त्याची पेटंटं घेतली. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी कायमची सोडली आणि अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. १९३५ पासून मर्सर स्ट्रीटवरचं ११२ नंबरचं घर. १९३६ च्या डिसेंबरात एल्सा गेल्या, त्यांनाही हृदय आणि मूत्रपिंडाचा आजार होता. तोंडातला पाइप मात्र गेला नाही. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली की काही दिवस रिकामा पाइप चघळायचा, मग पुन्हा भरायचा, असं चालू. महाधमनीला फुगा येण्यामागे जी कारणं आज आपल्याला माहीत आहेत त्यात तंबाखूचा धूर सगळ्यात वरच्या नंबरावर आहे. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना आइन्स्टाइनबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटल्यासारखी दिसली.

ब्रुकलिन, डिसेंबर १९४८

पोटात वरच्या बाजूला दुखायचं, मधूनच उलट्या व्हायच्या. १९४८ च्या शेवटी सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी तपासलं तेव्हा पोटात हाताला एक गोळा लागला. निसेन स्वतः बर्लिनचे नावाजलेले सर्जन. ज्यू असल्यामुळे १९३३ ला देश सोडावा लागला, आधी इस्तंबूल, मग अमेरिका. आज ॲसिडिटीवरच्या एका ऑपरेशनला त्यांचं नाव आहे. ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये त्यांनी पोट उघडून पाहिलं. महाधमनीला पपनसाएवढा फुगा होता. डॉक्टर याला ॲन्युरिझम म्हणतात.

पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटीमीटर रुंद असते, आपल्या अंगठ्याएवढी. भिंत कमकुवत झाली की ती फुगते. फुगली की त्याच रक्तदाबाला भिंतीवर जास्त ताण पडतो, म्हणून ती आणखी फुगते. सायकलच्या ट्यूबला आलेला फुगवटा ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. आज पुरुषांमध्ये साधारण साडेपाच सेंटीमीटरच्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विचार करतात. मामा त्या रेषेच्या जरा पलीकडे होते. आइन्स्टाइन तर कितीतरी पलीकडे.

निसेनच्या हातात तेव्हा काय होतं? फुगलेला भाग कापून तिथे दुसरी नळी बसवायची पद्धत अजून आलीच नव्हती. ती पहिल्यांदा जमली पॅरिसमध्ये, शार्ल ड्यूबो यांना, मार्च १९५१ मध्ये, आणि तेव्हाही नळी म्हणून मृत माणसाची धमनी वापरली होती. कापडी नळ्या त्याच्या मागोमाग आल्या. १९४८ चा उपाय अगदीच घरगुती वाटेल असा होता. फुगा सेलोफेनने गुंडाळायचा. सेलोफेन म्हणजे आपण भेटवस्तूंना गुंडाळतो तो जिलेटिन पेपर. त्यामागची कल्पना अशी की शरीर या परक्या वस्तूवर चिडतं, भोवती जाड चिवट ऊती तयार करतं, आणि तो व्रणासारखा थर फुग्याला बाहेरून धरून ठेवतो. निसेननी समोरचा जेवढा भाग हाताला आला तेवढा गुंडाळला आणि पोट बंद केलं. १९४९ च्या जानेवारीत आइन्स्टाइन घरी गेले. त्यानंतर सव्वासहा वर्षं जगले. जिलेटिन पेपरच्या हिशेबाने मला हे फारच चांगलं वाटतं.

आता कळीचा मुद्दा. पोटातल्या धमनीचं ऑपरेशन, मग हृदयाची काळजी कशाला?

एक तर आजार एकच असतो. ज्याच्या महाधमनीच्या भिंती खराब आहेत त्याच्या हृदयाच्या धमन्या क्वचितच स्वच्छ असतात. तंबाखू, वय, रक्तदाब, सगळं दोन्हीकडे सारखंच काम करतं. आणि दुसरं, प्लंबर पाइप बदलताना आधी मेन कॉक बंद करतो ना, तसं सर्जनला महाधमनीला चिमटा लावावा लागतो. तेवढा वेळ हृदय बंद नळीविरुद्ध रक्त ढकलत असतं. चिमटा काढला की रक्तदाब एकदम खाली. त्यात रक्तस्राव, नाडीची धावपळ, आणि पुढचे काही दिवस रक्ताची गुठळी होण्याकडे वाढलेला कल. हृदयाच्या स्नायूला लागतो तेवढा प्राणवायू मिळत नाही आणि काही पेशी मरतात. निसेनच्या पद्धतीत धमनी गुंडाळायचीच होती, त्यामुळे हृदयावरचा बोजा तुलनेने कमी होता. पण सेलोफेनचा उपाय संपल्यावर पुढचं पाऊल चिमट्याचंच होतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे छातीत न दुखता होतं. माणूस भुलीतून नुकता उठलेला, पाठीत एपिड्युरल किंवा सलाइनमधून मॉर्फिन चालू. छातीतली कळ त्यात बुडून जाते. ईसीजी सुद्धा पुष्कळदा गप्प बसतो. मग कळणार कसं? मेलेल्या पेशी फुटल्यावर त्यांच्यातलं सामान रक्तात सांडतं. ते सांडलेलं सामान मोजायचं.

ही कल्पना आइन्स्टाइनच्या हयातीतच खरी झाली, आणि त्यांच्या घरापासून फार लांब नाही. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला जॉन लाड्यू, फेलिक्स व्रुब्लेव्स्की आणि तरुण आर्थर कार्मेन यांनी दाखवलं की हृदयविकाराचा झटका आल्यावर रक्तात एका एन्झाइमचं प्रमाण वाढतं. त्याचं नाव एसजीओटी. ओळखीचं वाटतंय? तुमच्या लिव्हरच्या रिपोर्टमध्ये असतं ते हेच. ते यकृतातूनही येतं, स्नायूंतूनही येतं, म्हणून हृदयासाठी आता कुणी वापरत नाही. पण हृदयाचं नुकसान रक्ताच्या नमुन्यातून वाचायची सुरुवात इथून झाली. कार्मेनने मोजायची जी पद्धत बसवली तीत नमुन्यातून प्रकाश पाठवून किती शोषला जातो ते फोटोसेलने बघायचं होतं. फोटोसेल चालतो १९०५ च्या त्या निबंधात सांगितलेल्या परिणामावर.

१३ एप्रिल, पुन्हा

फुगा वाढतोय हे डॉक्टरांना कळलं होतं आणि आइन्स्टाइनना माहीत होतं. मार्च १९५० मध्ये त्यांनी मृत्युपत्रावर सही केली. १९५१ ला बहीण माया गेल्या, त्या शेवटची वर्षं त्यांच्याच घरी होत्या. काम चालू होतं. ११ एप्रिल १९५५ ला त्यांनी बर्ट्रांड रसेलना पत्र पाठवून अण्वस्त्रांविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही करायचं मान्य केलं. इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनासाठी एक भाषण लिहायला घेतलं होतं.

१३ एप्रिलला दुपारी ते घरी कोसळले. हेलेन ड्यूकास कामावर आल्या त्याला बरोबर २७ वर्षं झाली होती. फुग्यातून रक्त झिरपायला लागलं होतं. डॉक्टर जमले. न्यूयॉर्कहून सर्जन फ्रँक ग्लेन आले. एव्हाना धमनी बदलायचं ऑपरेशन शक्य झालं होतं आणि ते करावं असं त्यांनी सुचवलं. आइन्स्टाइननी नकार दिला. ओढूनताणून आयुष्य वाढवण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता, आपला वाटा आपण उचलला आणि आता जायची वेळ झाली असं त्यांचं म्हणणं होतं. मरण कसं येईल, किती वेळ लागेल, हे मात्र त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं. कुणालाच नेमकं सांगता आलं नाही.

१५ तारखेला प्रिन्स्टनच्या हॉस्पिटलात हलवलं. मुलगा हान्स आल्बर्ट कॅलिफोर्नियाहून आला. जरा बरं वाटल्यावर त्यांनी चष्मा मागवला, भाषणाचा मसुदा आणि गणिताचे कागद मागवले. १८ एप्रिलला मध्यरात्रीनंतर साधारण सव्वा वाजता गेले. वय ७६. शेवटी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटले, पण जवळच्या नर्सला जर्मन येत नव्हतं. शवविच्छेदन करणाऱ्या थॉमस हार्वींनी मेंदू काढून ठेवला आणि त्या मेंदूवर आजतागायत पुस्तकं निघतात. मृत्यूचं कारण मात्र पोटात होतं, फुटलेली महाधमनी. पित्ताशयासारखं दुखतं पण असतं महाधमनीचं, अशा लक्षणाला काही डॉक्टर आज आइन्स्टाइनचंच नाव देतात. मामांची सोनोग्राफी पित्ताशयासाठी झाली होती, हे मी वर सांगितलंच.

या नकाराकडे मी बराच वेळ बघत राहिलो. त्या खोलीतल्या डॉक्टरांकडे ७६ वर्षांचा माणूस होता, २७ वर्षांपूर्वी हृदय मोठं झाल्याची नोंद होती, पाइप होता, वडिलांचा इतिहास होता. हे हृदय चिमटा सोसेल का, याला अनुभवाच्या अंदाजापलीकडे कुणाकडेच उत्तर नव्हतं. फुटायला लागलेल्या फुग्यापुढे बीएनपीचा रिपोर्ट बघायला वेळही नसतो, हे खरं. पण १९४९ ते १९५५ मध्ये सहा वर्षं होती. शांतपणे बसून ठरवायचा काळ तो होता.

मग पुढे काय सुधारलं

१९७७ मध्ये ली गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनआधी हृदयाच्या धोक्याचे गुण मोजायची पद्धत आणली, १९९९ मध्ये तिची सुटसुटीत सहा प्रश्नांची आवृत्ती आली. मोठं ऑपरेशन आहे का, हृदयविकार आहे का, हार्ट फेल्युअर, पक्षाघात, इन्सुलिन, क्रिएटिनीन. चांगली पद्धत आहे, आजही वापरतात. पण रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनमध्ये ती अडखळते, कारण तिथे आलेला जवळजवळ प्रत्येक पेशंट आधीच दोन-तीन गुण घेऊन आलेला असतो. सगळा वर्गच नापासाच्या रेषेजवळ असेल तर गुणपत्रिकेचा उपयोग काय?

इथे रक्ताचे दोन आकडे कामाला येतात. ऑपरेशनआधी एनटी-प्रोबीएनपी, नंतर ट्रोपोनिन.

पहिल्याबद्दल २०२० मध्ये मोठा अभ्यास आला. हृदयाव्यतिरिक्त इतर ऑपरेशन होणारे, ४५ वर्षांवरचे दहा हजारांहून जास्त पेशंट. आकडा १०० च्या खाली असेल तर ३० दिवसांत हृदयाला इजा किंवा रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू सुमारे ५ टक्के लोकांत, आणि १५०० च्या वर असेल तर ३७ टक्क्यांच्या आसपास. मधल्या २०० ते १५०० च्या गटात सुमारे २१ टक्के. यातला मोठा भाग मृत्यूंचा नाही, रक्तात ट्रोपोनिन वाढल्याचा आहे, हे नीट लक्षात घ्या. कॅनडाच्या डॉक्टरांनी २०१७ मध्येच साधा नियम केला होता: हा आकडा ३०० किंवा जास्त असेल तर ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन तपासा.

ट्रोपोनिन हा स्नायूच्या आकुंचनाचा खटका. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात तो शोधला. हृदयाच्या स्नायूतला ट्रोपोनिन हातापायातल्यापेक्षा जरा वेगळा असतो, त्यामुळे एसजीओटीसारखा घोळ होत नाही. यंत्रात दोन अँटिबॉडी त्याला दोन बाजूंनी पकडतात. एक चुंबकीय मण्याला बांधलेली, दुसरीला एक रसायन जोडलेलं, ज्याला वीज दिली की प्रकाश निघतो. जितका ट्रोपोनिन तितका उजेड. हा उजेड इतका मंद असतो की डोळ्याला दिसणार नाही. तो टिपते फोटोमल्टिप्लायर नळी: प्रकाशाची पुडी धातूवर पडते, इलेक्ट्रॉन सुटतो, त्याचे लाखो होतात, आकडा पडद्यावर येतो. १९०५ चा निबंध, लॅबच्या टेबलावर. एक लिटर रक्तद्रवात ग्रॅमचे काही अब्जांश भाग एवढं थोडं ट्रोपोनिन असं मोजलं जातं.

या तपासणीमुळे जे उघड झालं ते धक्कादायक होतं. ऑपरेशननंतर हृदयाला इजा झालेल्यांपैकी दहात आठांहून जास्त लोकांना छातीत दुखणं वगैरे काहीच झालं नव्हतं. रोज रक्त तपासलं नसतं तर ते हसतमुखाने घरी गेले असते, आणि त्यांच्यातल्या मृत्यूचं प्रमाण मात्र इतरांपेक्षा स्पष्ट जास्त होतं.

पण तंत्रज्ञानाच्या लेखात सहसा गाळली जाणारी बाजूही सांगतो. धोका कळला म्हणजे उपाय कळला असं नाही. धोका दिसतोय तर आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून घ्यावं, हे तर्काला पटतं. २००४ मध्ये रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनच्या ५१० पेशंटवर हे करून पाहिलं, जगण्यात फरक पडला नाही. ऑपरेशनच्या तोंडावर बीटा-ब्लॉकर सुरू करून नाडी हळू करावी, हेही पटतं. २००८ मध्ये आठ हजारांवर लोकांत पाहिलं तर झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. २०१८ मध्ये इजा झालेल्यांना रक्त पातळ करणारं डाबिगाट्रान दिलं, तिथे गुंतागुंत १५ वरून ११ टक्क्यांवर आली. म्हणजे हातात आहे ते एवढंच, आणि प्रत्येकाला चालेल असं तेही नाही. शिवाय मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन्ही आकडे मुळातच वर असतात, म्हणून ऑपरेशनआधीचा ट्रोपोनिन हाताशी नसेल तर नंतरच्याचा अर्थ लावणं अवघड. एकटा आकडा वाचायचा नसतो, त्यातली चढउतार वाचायची असते.

मामांचा एनटी-प्रोबीएनपी आला ७४०. ईसीजी बरा, टूडी एको बरा, सहा प्रश्नांतले गुण मधले, आणि रक्त मात्र सांगत होतं की हृदय आतून ताणलेलं आहे. मांडीच्या धमनीतून जाळीची नळी सरकवायची पद्धत १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदींनी सुरू केली, तिच्यात महाधमनीला चिमटा लावावा लागत नाही. पण मामांचा फुगा मूत्रपिंडाच्या धमन्यांना इतका चिकटून होता की सर्जनना ते जमण्यासारखं वाटलं नाही. पोट उघडूनच करायचं. भूलतज्ज्ञ बाईंनी कागदावर २०० ते १५०० चा गट दाखवून पाचात एक असं समजावलं, आणि अशा ऑपरेशनमध्ये त्याहून थोडं जास्तच धरा म्हणाल्या. मामांनी रात्रभर विचार केला. मी त्यांना आइन्स्टाइनच्या नकाराची गोष्ट सांगितली होती, आणि ती सांगून चूक केली की काय असं मला त्या रात्री वाटत राहिलं. आजचे सगळे रिपोर्ट समोर ठेवले असते तरी आइन्स्टाइननी बहुधा नाहीच म्हटलं असतं असं मला वाटतं. त्यांचा प्रश्न हृदय सोसेल का हा नव्हताच. मामांचा तोच होता. नातवाची बारावी पुढ्यात आहे, म्हणून त्यांना हवं होतं.

सकाळी त्यांनी होकार दिला. ऑपरेशनआधीचा ट्रोपोनिन १६ होता. पहिल्या दिवशी २४, दुसऱ्या दिवशी ७१. छातीत काही नाही, ईसीजी तसाच, मामा चहा मागत होते. त्या ७१ मुळे त्यांना वॉर्डात हलवायचं थांबवलं, हार्टचे डॉक्टर बघून गेले, ॲस्पिरिन आणि स्टॅटिन पक्कं केलं, हिमोग्लोबिन उतरलं होतं म्हणून रक्त दिलं. रक्त पातळ करायची वेगळी गोळी ताज्या टाक्यांमुळे नको असं ठरलं. तिसऱ्या दिवशी ५८. बाराव्या दिवशी घरी.

बिडी बंद आहे. निदान मामी तरी असं सांगते. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. तेव्हा सोनोग्राफी, क्रिएटिनीन आणि एकदा एनटी-प्रोबीएनपी. पित्ताशयातले खडे अजून तिथेच आहेत.